ब्रेक्झिटचं भांडण: बाहेर पडायचं ठरलं, पण कसं ते ठरलंच नव्हतं



भागीदारी करारावरच्या व्हिडिओत मी ब्रेक्झिटचं उदाहरण ओझरतं दिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की हे प्रकरण नेमकं काय, आणि आमच्यासारख्या छोट्या धंदेवाल्याने ते का समजून घ्यायचं? व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो. राजकारणात कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवायला आपण बसलेलो नाही. एका मोठ्या भागीदारीतून एक भागीदार बाहेर पडला, तेव्हा घरात काय भांडण झालं आणि त्याचं बिल कोणाकडे आलं, हे आपल्याला बघायचंय.

आधी हिशोब मागचा

ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला युरोपीय समुदायात गेला. पुढे त्याचाच युरोपियन युनियन झाला. १९७५ साली तिथे सार्वमत झालं, तेव्हा ६७ टक्के लोक म्हणाले, राहूया. पण कुरकुर कधीच थांबली नाही. आपले कायदे ब्रसेल्समध्ये का ठरावेत, वर्गणी एवढी का द्यावी, युरोपातून येणाऱ्या कामगारांवर मर्यादा का नाही, असे प्रश्न चालूच राहिले.

पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन स्वतः राहण्याच्या बाजूचे होते. त्यांच्याच पक्षात मात्र या विषयावर दोन तट होते. २०१३ साली त्यांनी सार्वमताचं आश्वासन दिलं आणि २३ जून २०१६ ला मतदान झालं. ५१.९ टक्के लोकांनी 'बाहेर पडा' म्हटलं, ४८.१ टक्के लोकांनी 'राहा' म्हटलं. दुसऱ्याच दिवशी कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला.

आता आकड्यांच्या आत बघा. इंग्लंड आणि वेल्सने बाहेर पडायला कौल दिला. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोक राहण्याच्या बाजूने होते. उत्तर आयर्लंडही राहण्याच्या बाजूने, आणि लंडन शहरही. तरुण मतदार बहुतांशी राहण्याच्या बाजूचे, तर वयस्कर बाहेर पडण्याच्या. म्हणजे भांडण फक्त दोन पक्षांचं नव्हतं. एकाच घरात आजोबांचं मत एक आणि नातीचं दुसरं, अशी परिस्थिती होती.

दोन्ही बाजूंनी आकडे फेकले

'बाहेर पडा'वाल्यांनी एक लाल बस फिरवली. आपण युरोपियन युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, तो पैसा आपल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ, असा त्यावरच्या मजकुराचा अर्थ. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा ढोबळ आकडा होता. १९८४ पासून ब्रिटनला वर्गणीत मोठी सूट मिळत होती. ती वजा करूनच पैसे जायचे, म्हणजे सुटीचा भाग ब्रिटनमधून बाहेर जातच नव्हता. शिवाय उरलेल्या रकमेतलेही काही पैसे शेतकऱ्यांना आणि मागास भागांना परत यायचे. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या अध्यक्षांनीही या आकड्याच्या वापरावर जाहीर आक्षेप घेतला.

दुसरी बाजूही मागे नव्हती. सरकारी अर्थखात्याने मतदानाच्या आधी सांगितलं, की बाहेर पडायचा कौल आला तर लगेच मंदी येईल आणि सुमारे ५ लाख नोकऱ्या जातील. तसं झालं नाही. पौंड मात्र एका रात्रीत धाडकन पडला, १९८५ नंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीवर गेला. पण मतदानानंतर बेरोजगारी वाढायच्या ऐवजी कमीच होत राहिली.

यातून घ्यायचं काय? कोणी उलाढालीचा आकडा दाखवला की विचारा, हातात किती राहतं? आणि कोणी भीती दाखवली की विचारा, हे कधी होणार आणि कशामुळे? हे दोन प्रश्न विचारायची सवय लागली, की गुंतवणुकीच्या स्कीममध्ये निम्मी फसगत टळते.

उद्योजकांमध्येसुद्धा एकमत नव्हतं

आपल्याला वाटतं धंदेवाले सगळे एकाच बाजूला असतील. तसं अजिबात नव्हतं. वेदरस्पून या पबच्या साखळीचे टिम मार्टिन बाहेर पडण्याच्या बाजूचे, त्यांनी तर पबमधल्या बिअर मॅटवर प्रचार छापला. व्हॅक्यूम क्लीनरवाले जेम्स डायसन त्याच बाजूचे. व्हर्जिनचे रिचर्ड ब्रॅन्सन राहण्याच्या बाजूचे.

छोट्या उद्योगांची संघटना तटस्थ राहिली, कारण सभासदच विभागलेले होते. ब्रिटिश चेंबर्स ऑफ कॉमर्सनेही तटस्थ राहायचं ठरवलं होतं. तिचे महासंचालक जॉन लॉन्गवर्थ यांनी मार्च २०१६ मध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने जाहीर मत दिलं, आणि काही दिवसांतच त्यांना पद सोडावं लागलं. त्यांचं मत चूक होतं की बरोबर हा मुद्दाच नाही. ज्या खुर्चीवर बसून आपण बोलतो ती खुर्ची कोणाची आहे, हे बोलण्याआधी बघावं लागतं.

खरं भांडण मतदानानंतर सुरू झालं

मतपत्रिकेवर प्रश्न एवढाच होता: राहायचं की सोडायचं? सोडल्यावर व्यापार कोणत्या नियमांनी करायचा, हे कोणी विचारलंच नव्हतं. युरोपची सामाईक बाजारपेठ ठेवायची का? जकात संघात राहायचं का? की सगळंच तोडायचं? प्रत्येकाच्या डोक्यात 'बाहेर'चा अर्थ वेगळा होता.

युनियनच्या करारात कलम ५० होतं, म्हणजे बाहेर पडायचं कलम. नोटीस दिल्यावर २ वर्षांची मुदत. थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ ला नोटीस दिली आणि घड्याळ सुरू झालं. घरात काय हवंय ते ठरायच्या आधीच नोटीस गेली, हे लक्षात ठेवा.

मग मे यांनी युनियनशी वाटाघाटी करून करार आणला. १५ जानेवारी २०१९ ला संसदेने तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. मार्चमध्ये अजून दोनदा फेटाळला. काहींना तो फारच सैल वाटला, काहींना फारच कडक. त्याच महिन्यात कलम ५० रद्द करा, अशा ऑनलाइन अर्जावर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या.

सगळ्यात अवघड गाठ उत्तर आयर्लंडची. तो भाग ब्रिटनचा, पण शेजारचा आयर्लंड देश युनियनमध्येच राहणार. मधल्या सीमेवर पुन्हा नाकी उभी केली तर १९९८ च्या शांतता कराराला धक्का लागेल, ही भीती होती. शेवटी तपासणी समुद्रात सरकवली, म्हणजे ब्रिटनच्याच एका भागातून दुसऱ्या भागात माल नेताना कागदपत्रं आली. त्यावरून नवा वाद झाला, आणि २०२३ साली त्यात दुरुस्ती करावी लागली.

मे गेल्या, बोरिस जॉन्सन आले. डिसेंबर २०१९ ची निवडणूक त्यांनी मोठ्या बहुमताने जिंकली आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. २०२० चं वर्ष जुन्याच नियमांनी चाललं. नवा व्यापार करार कधी झाला? २४ डिसेंबर २०२० ला. लागू कधी? १ जानेवारी २०२१ पासून. मधे फक्त एक आठवडा, तोही नाताळचा!

बिल कोणाकडे आलं?

करारात अटी पाळणाऱ्या मालावर जकात शून्य होती. मग त्रास कसला? कागदांचा. माल कुठे बनला याचा पुरावा, सीमाशुल्काची घोषणा, मांस-मासळी-चीज असेल तर आरोग्य प्रमाणपत्र. मोठ्या कंपनीकडे यासाठी वेगळा विभाग असतो. छोट्या माणसाकडे तोच मालक, तोच कारकून. ५०० खोक्यांना जेवढे कागद, जवळपास तेवढेच ५ खोक्यांना. जानेवारी २०२१ मध्ये ताज्या मासळीचा माल वेळेत युरोपला पोचेना, म्हणून स्कॉटलंडच्या व्यावसायिकांनी ट्रक थेट लंडनच्या सरकारी कचेऱ्यांसमोर आणून उभे केले होते.

अजून एक उदाहरण. युरोपच्या सीई खुणेऐवजी ब्रिटनने स्वतःची यूकेसीए खूण आणली. मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, आणि २०२३ साली सरकारने सांगितलं, बऱ्याच वस्तूंना सीई खूण पुढेही चालेल. ज्यांनी घाईने नव्या खुणेवर पैसे घातले, त्यांचा तो खर्च वाया गेल्यासारखा झाला.

ब्रिटनच्या सरकारी अंदाज संस्थेच्या मते ब्रेक्झिटमुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्के कमी राहील. समर्थक म्हणतात, स्वतःचे निर्णय स्वतः घेता येण्याची किंमत अशी टक्क्यांत मोजता येत नाही. हा वाद आजही मिटलेला नाही.

आपला संबंध कुठे येतो?

युनियनमध्ये असताना ब्रिटनला स्वतःचा वेगळा व्यापार करार करता येत नव्हता. बाहेर पडल्यावर आला, म्हणूनच २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. दुसरीकडे, नाशिकची द्राक्षं नेदरलँड्सलाही जातात आणि ब्रिटनलाही. पूर्वी दोन्हींना कीडनाशकाच्या अंशाचे नियम एकच होते. आता नियमांची पुस्तकं दोन आहेत. निर्यात करायची असेल तर 'युरोपला माल पाठवतो' म्हणून भागत नाही, कोणत्या बंदरात उतरणार ते विचारा आणि त्या देशाचा आजचा नियम तपासा.

वहीत लिहून ठेवा

१. भागीदारी करताना बाहेर पडायचं कलम पहिल्याच दिवशी लिहा: नोटीस किती, हिशोब कसा, देणी कोणाची.

२. 'सोडायचं का?' याबरोबर 'सोडून कुठे जायचं?' हेही ठरवा. दुसऱ्याचं उत्तर नसेल तर नोटीस देऊ नका.

३. निसटत्या बहुमताने घेतलेला निर्णय घेतलेलाच असतो, पण हरलेली बाजू उद्याही त्याच दुकानात काम करणार असते. तिला सोबत घ्यायची जबाबदारी जिंकलेल्याची.

४. नियम बदलणार म्हणून ओरड झाली, की तयारी करा, पण अंतिम आदेश येईपर्यंत मोठा पैसा अडकवू नका.

आता एक काम करा. तुमचा भागीदारी करार कपाटातून काढा आणि बाहेर पडायचं कलम शोधा. सापडलं नाही, तर या आठवड्यात भागीदाराबरोबर चहाला बसा. संबंध गोड आहेत तोवरच हे बोलणं सोपं जातं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, हिशोब चोख ठेवा!