लेखाशास्त्राचा विद्यार्थी आणि लोकांचे समज

दहावीच्या निकालानंतर ज्याचा विज्ञान शाखेत निभाव लागणार नाही असे वडीलधाऱ्यांना वाटते, त्याची रवानगी वाणिज्य शाखेकडे करावी, आणि पुढे त्याने बी. कॉम.ला लेखाशास्त्र घेतले की ‘आकडेमोड चांगली आहे ना, मग झाले’ असे म्हणून त्याची बोळवण करावी, हा परिपाठ मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज स्थापन झाल्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांतही पुसला गेलेला नाही. वस्तुतः पदवीच्या लेखाशास्त्राला लागणारे गणित बेरीज-वजाबाकी, टक्केवारी आणि त्रैराशिक यांपलीकडे क्वचितच जाते. विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती आकडा कोणत्या खात्यात, कोणत्या वर्षात आणि कोणत्या तत्त्वावर घालावा हे ठरवताना. एक लाख रुपयांच्या यंत्रावर दरसाल १० टक्के घसारा धरला, तर सरळ रेषा पद्धतीने दुसऱ्या वर्षीही १०,००० रुपयेच पडतात आणि घटत्या शिलकेच्या पद्धतीने ९,०००. दोन्ही उत्तरे गणिताने बिनचूक आहेत. परंतु यंत्राच्या प्रत्यक्ष झिजेशी यांतील कोणते इमान राखते, याचा निवाडा गणकयंत्र देत नाही.

पदवी हाती आली म्हणजे मुलगा ‘सीए’ झाला, हा समज लग्नाच्या बैठकीत विशेष प्रबळ असतो. पदवी विद्यापीठ देते. सनदी लेखापाल ही पात्रता १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र संस्था देते, आणि तिच्यासाठी फाउंडेशन, इंटरमीजिएट व फायनल या परीक्षांखेरीज सध्याच्या योजनेनुसार दोन वर्षांची आर्टिकलशिप करावी लागते. किमान ५५ टक्के गुण मिळवणाऱ्या वाणिज्य पदवीधराला फाउंडेशनची माफी मिळते, एवढीच काय ती पदवीची सवलत. जे दोन्ही वाटा एकदम चालतात, त्यांना सकाळी सातचे तास आटोपून दहापर्यंत लेखापरीक्षकाच्या कचेरीत हजर व्हावे लागते आणि दिवसभर व्हाउचरांवर हिरव्या शाईच्या खुणा करून संध्याकाळी क्लास गाठावा लागतो. तेव्हा कॉमर्सच्या पोरांना वेळच वेळ, या म्हणण्याला उत्तर देण्याचीही फुरसत त्यांना नसते.

पहिल्या सत्रात खुद्द विद्यार्थ्यालाच छळणारा गैरसमज असा, की जमा म्हणजे चांगले आणि नावे म्हणजे वाईट. याचे मूळ घरातल्या बँकेच्या पासबुकात आहे, कारण आपण पैसे भरले की तेथे ते जमेच्या रकान्यात दिसतात. पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा होय; आपण भरलेली रक्कम हे बँकेच्या दृष्टीने तिचे आपल्याला असलेले देणे, म्हणून ती जमा. तीच रक्कम व्यापारी आपल्या कीर्दीत बँकेच्या नावे लिहितो, कारण त्याच्या दृष्टीने ते येणे आहे. एकाच व्यवहाराकडे दोन दप्तरांतून पाहण्याची ही दृष्टी आली, की बँक जुळवणी पत्रक फारसे भिववीत नाही.

याहून घातक भ्रम तेरजेविषयीचा, म्हणजे ट्रायल बॅलन्सविषयीचा. दोन्ही बाजूंची बेरीज मिळाली की हिशेब निर्दोष, असे मानणारा विद्यार्थी नव्या यंत्राच्या उभारणीची ५,००० रुपये मजुरी यंत्राच्या खात्याऐवजी नित्याच्या मजुरी खात्यात टाकतो. तेरीज पैशापैशाने जुळते, आणि त्या वर्षीचा नफा, घसाऱ्याचा किरकोळ फरक सोडला तर, ५,००० रुपयांनी कमी दिसतो. समूळ राहून गेलेली नोंद किंवा एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुकाही तेरजेला दिसत नाहीत. टॅलीसारख्या प्रणालीने खतावणीचे कष्ट वाचवले खरे, तरी तिला जे खाते सांगावे त्यातच ती रक्कम निमूटपणे घालते. संगणक आला, आता लेखाशास्त्र शिकून काय करायचे, असे विचारणाऱ्यांनी ही ५,००० रुपयांची नोंद टॅलीत एकदा अवश्य करून पाहावी.

परीक्षागृहात मात्र नेमका उलट समज हानी करतो. ताळेबंद जुळला नाही म्हणजे सगळे गुण गेले, अशा समजुतीने शेवटची पंधरा मिनिटे फरक हुडकण्यात घालवणारे, प्रसंगी सारा प्रश्न खोडून टाकणारे विद्यार्थी आढळतात. गुण दिले जातात ते टप्प्याटप्प्याने, योग्य समायोजनांना आणि स्वच्छ मांडलेल्या वर्किंग नोट्सना. न जुळलेल्या ताळेबंदातही बरेचसे गुण शाबूत असतात. फरकाची रक्कम निलंबित खाते म्हणून दाखवावी आणि पुढचा प्रश्न सोडवायला घ्यावा.