अतिचंचल बालक आणि पालक-प्रशिक्षण

तीन-चार वर्षांचे मूल एका जागी बसत नाही, सांगितलेले ऐकत नाही, की घरात पहिला दोष आईला दिला जातो. वस्तुतः अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी, हा मेंदूच्या विकासाशी निगडित आहे व त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तो चुकीच्या संगोपनातून उद्भवत नाही. मग उपचाराचा आरंभ पालकांपासूनच का करावयाचा, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

अमेरिकन बालरोग अकादमीने २०११ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये, चार ते सहा वर्षे वयोगटासाठी औषधाआधी पालकांना वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देण्याची शिफारस केली. या वयात मेथिलफेनिडेट या औषधाने भूक मंदावणे, झोप न लागणे, चिडचिड असे दुष्परिणाम अधिक दिसतात. शिवाय मुलाचा बहुतेक वेळ घरातच जातो.

अशा मुलाला उशिरा मिळणाऱ्या बक्षिसाची ओढ कमी असते. म्हणून प्रशिक्षणात पालक पुढील गोष्टी सरावाने शिकतात : मुलाजवळ जाऊन एका वेळी एकच सूचना देणे, ‘नीट वाग’ असे न म्हणता ‘चपला कोपऱ्यात ठेव’ असे सांगणे, काम होताच लगेच शाबासकी देणे, किरकोळ हट्टाकडे दुर्लक्ष करणे, आणि मोठ्या चुकीचा परिणाम आधी सांगून दर वेळी तोच ठेवणे.

ब्रिटनमध्ये एडमंड सोनुगा-बार्क व सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या ७८ मुलांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. घरी जाऊन आठ आठवडे प्रशिक्षण दिलेल्या गटात ५३ टक्के मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा आढळली. मातांचे केवळ ऐकून घेऊन धीर दिलेल्या गटात ती बरीच कमी होती. मात्र २००४ च्या अभ्यासात हीच पद्धत विशेष तज्ज्ञ नसलेल्या परिचारिकांनी नेहमीच्या कामाबरोबर राबविली, तेव्हा लाभ दिसला नाही. पुढे २०१३ च्या एका व्यापक आढाव्यात, कोणाला प्रशिक्षण मिळाले हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकांना मूळ लक्षणांत फारसा फरक आढळला नाही. २०१४ च्या आढाव्यात मात्र पालकांचे वागणे व मुलाचा उद्दामपणा यांत सुधारणा टिकून होती.

तात्पर्य, प्रशिक्षणाने विकार नाहीसा होत नाही. घरातील रोजची भांडणे कमी होतात. आपल्याकडे एखादा पालक सल्ल्यासाठी आला, तर आपण निदान करू नये, बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. आणि ‘तुमचे चुकले’ असे न म्हणता, ‘या मुलाला अधिक कौशल्य लागते, ते शिकता येते’ असे आई-वडील दोघांनाही सांगावे.