तिसऱ्या व्यक्तीची उपस्थिती

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचा क्रीडावैद्यक लॅरी नासर याने वर्षानुवर्षे उपचाराच्या मिषाने विद्यार्थिनी व खेळाडू मुलींचे लैंगिक शोषण केले. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक पीडितांनी न्यायालयात सात दिवस आपली व्यथा कथन केली. त्याला ४० ते १७५ वर्षांचा कारावास झाला. त्याच वर्षी विद्यापीठाने ५० कोटी डॉलरची भरपाई मान्य केली. आम्हां चिकित्सकांना अंतर्मुख करते ते मात्र २०१४ हे वर्ष.

त्या वर्षी एका तरुणीने तक्रार केली होती. मत विचारले गेले ते त्याच्याच परिचयातील वैद्यकतज्ज्ञांना, आणि ते कृत्य 'उपचार' ठरले! संवेदनशील तपासणीच्या वेळी तिसरी व्यक्ती उपस्थित असावी, अशी अट घालून त्यास पुन्हा रुग्णसेवेत घेण्यात आले. अट पाळली जाते की नाही, हे पाहण्याची व्यवस्थाच झाली नाही. त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनाही २०१९ मध्ये कर्तव्यच्युतीबद्दल कारावास भोगावा लागला.

चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्योपनयनाच्या प्रसंगी हाच दंडक सांगितला आहे. पती अथवा पालक सन्निध नसता स्त्रीची चिकित्सा करू नये. त्या विधानात त्या काळची समाजरचना आहे, हे मान्य केले पाहिजे. आज सोबत कोण असावे, हे रुग्णेनेच ठरवावयाचे. दंडकाचा हेतू मात्र जुना झालेला नाही. आपल्या रुग्णालयांत उत्तरबस्ती, योनिधावन, स्नेहन अशी कर्मे नित्य होतात. परिचारिका उपस्थित होती, असे आपण गृहीत धरतो. तिचे नाव केसपेपरवर किती ठिकाणी असते?

विद्यापीठाच्या परिसरातील वृक्षांवर पीडितांसाठी निळसर-हिरव्या फिती बांधल्या गेल्या. दुसरीकडे, समुपदेशनाच्या खर्चासाठी निर्माण केलेला निधी गैरव्यवहाराच्या संशयावरून २०१८ मध्येच स्थगित झाला. रोगवर्धक भावांत चरकाचार्यांनी विषादास अग्रस्थान दिले आहे. ऐकून घेतल्यावर पुन्हा वाऱ्यावर सोडलेल्या मुलीचा विषाद द्विगुणित होतो. अशा वेळी आश्वासन व सत्त्वावजय चिकित्सा दीर्घकाळ चालली पाहिजे. ब्राह्मीघृत निद्रेस साहाय्य करील. न्यायाचे काम ते करणार नाही.

आपल्याकडे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत २०१३ च्या कायद्यान्वये अंतर्गत समिती अनिवार्य आहे. तिच्यात बाहेरील सदस्य असतो तो एवढ्याचसाठी, की परिचितांनीच परिचिताचा न्याय करू नये. बी.ए.एम.एस.च्या प्रथम वर्षात सतरा वर्षांच्या मुलीही असतात. त्यांच्या बाबतीत २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. माहीत असून न कळवणे हा गुन्हा होय. 'संस्थेचे नाव खराब होईल' ही सबब तेथे चालत नाही, मग ती सांगणारे प्राचार्य असोत वा आम्ही.

आमच्या चिकित्सालयात आता तपासणीपूर्वी रुग्णेस विचारतो, सोबत कोण हवे? काही जणी प्रथम संकोचतात. मग बहुधा बाहेर बसलेल्या बहिणीला वा मैत्रिणीला हाक मारतात, आणि ते नाव आम्ही केसपेपरवर लिहून घेतो.