बॅटरी लो? चार्जर आतच आहे, बॉस!

दुपारचे चार वाजले की आमच्या ऑफिसात कॉफी मशीनपुढे ही गर्दी! ‘जरा एनर्जी येते रे’ हा प्रत्येकाचा डायलॉग. खरं सांगू? ब्लॅक कॉफी एनर्जी देतच नाही. मेंदूला थकव्याचा निरोप देणाऱ्या अडेनोसिनची वाट कॅफिन अडवतं, बस्स. मग खरी एनर्जी येते कुठून?

फंडा असा आहे. सकाळच्या पोह्यांचं शेवटी ग्लुकोज होतं. पेशीत त्याचे दोन तुकडे पडतात आणि हाती लागतात एटीपीचे जेमतेम दोन रेणू. एटीपी म्हणजे पेशीची कॅश! बोट हलवा नाहीतर डोकं चालवा, पेमेंट त्यातच. इथवर ऑक्सिजनची गरज नसते.

खरी कमाई होते पुढे, मायटोकॉन्ड्रियात. तिथल्या क्रेब्ज चक्रात कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो. हॅन्स क्रेब्ज यांनी १९३७मध्ये हे चक्र मांडलं, तेव्हा ‘नेचर’ने ते छापलं नव्हतं. १९५३मध्ये त्याच साहेबांना नोबेल!

चक्रातून निघालेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून पुढे सरकतात आणि त्या जोरावर प्रोटॉन पडद्यापलीकडे साठतात, धरणात पाणी साठावं तसे. ते परत येताना एक चिमुकलं चाक गरगर फिरवतात. थेट कोयनेचं टर्बाइन! त्यातून एटीपी बनतं. शेवटी इलेक्ट्रॉन झेलायला ऑक्सिजन उभा असतो, त्याचं पाणी होतं. एका ग्लुकोजमागे एकूण कमाई साधारण ३० ते ३२ एटीपी. कुठे दोन, कुठे तीस!

दिवसभरात आपण जवळपास स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि उडवतोही. शिल्लक मात्र नावापुरती. म्हणूनच ऑक्सिजन तुटला की मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात.

आता सॉलिड बातमी. हे पॉवरहाऊस वाढवता येतं! जॉन हॉलोझी यांनी १९६७मध्ये दाखवलं, की रोज पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची क्षमता सुमारे दुप्पट होते. माणसांतही नियमित व्यायामाने ती वाढते. आणि दिवसभर खुर्चीला चिकटून राहिलात, तर घटतेही.

तेव्हा मंडळी, उद्या लिफ्टची वाट बघत मोबाइल चाळण्यापेक्षा सरळ जिना धरा. तिसऱ्या मजल्यावर थोडा दम लागला, तर समजा, तुमच्या स्नायूंनी ऑक्सिजनची ऑर्डर वाढवली आहे!