चिमणी लावताय? आधी एवढं बघा

मैत्रिणींनो, कल्याण-डोंबिवलीत पोळी-भाजीचं काम करणाऱ्या गटांना तळणाच्या धुरासाठी चिमणी लागतेच. ती शेगडीपासून साधारण २६ ते ३० इंच वर बसवा. खाली असली तर जाळीतलं तेल पेटू शकतं, फार वर असली तर धूर निसटतो. पाइप कमी वळणांचा, थेट बाहेर काढा. प्लग तीन पिनचा, अर्थिंगसह हवा. रोज तळण असेल तर जाळी दर आठवड्याला धुवा, पूर्ण वाळवूनच लावा.

आणि ताई, गॅसचा वास आला तर चिमणी मुळीच सुरू करू नका! सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. बटणाच्या ठिणगीने भडका उडू शकतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा.