मांडीचं हाड, मुलाचं वय आणि घराची खोली

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर केईएम रुग्णालय आणि बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. केईएम 1926 चं, वाडिया 1929 चं. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हापासून लालबाग-परळच्या आया मोडक्या हातापायांची पोरं उचलून इथेच धावत आल्या. जिन्यावरून गडगडलेली, गॅलरीच्या कठड्यावरून पडलेली, गाडीची धडक बसलेली. त्यांपैकी मांडीचं हाड मोडलेलं मूल लांबूनही ओळखू येतं. ते पाय हलवू देत नाही, आणि मांडी बघता बघता सुजते.

शरीरातलं हे सगळ्यात लांब आणि दणकट हाड. मोठ्या माणसाचं मोडलं तर ऑपरेशन जवळजवळ ठरलेलं. मुलांचं गणित वेगळं. त्यांच्या हाडावरचं आवरण जाड असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे हाड भराभर जुळतं. पायाळू जन्मताना मांडी मोडलेलं तान्हं बाळ दोन-तीन आठवड्यांत बरं होतं. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला पट्ट्यांचा मऊ पाव्हलिक हार्नेस बहुधा पुरतो. पाच-सहा वर्षांपर्यंत प्लास्टर, त्यापुढे सळ्या, आणि अकरा-बारा वर्षांनंतर मोठ्यांच्या उपचारांशी नातं सांगणारी शस्त्रक्रिया, असा साधारण क्रम आहे.

एक्स-रे पाहून आईबाप घाबरतात, कारण प्लास्टरमध्ये हाडाची टोकं एकमेकांवर चढलेली दिसतात. लहान मुलात डॉक्टर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं हे चढणं जाणूनबुजून राहू देतात. मोडलेल्या हाडाकडे रक्त जास्त धावतं आणि ते हाड पुढे काही काळ दुसऱ्या पायापेक्षा थोडं अधिक वाढतं. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत ही जादा वाढ साधारण सेंटिमीटरभर असते, म्हणून आज आखूड दिसणारा पाय उद्या बरोबरीला येतो. थोडा बाकही वाढीच्या ओघात सरळ होतो. पीळ मात्र सहसा सुटत नाही, म्हणून प्लास्टर घालताना पाऊल कुठे वळलंय यावर डॉक्टरांची नजर खिळलेली असते.

पूर्वी वॉर्डात वजनं लटकलेली दिसत. दोन वर्षांखालच्या बाळाचे दोन्ही पाय वर टांगून ढुंगण गादीपासून जेमतेम उचललं जाई. ही एकोणिसाव्या शतकातली लंडनच्या थॉमस ब्रायंटची पद्धत. बाळ जड असेल तर पायांचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका, म्हणून परिचारिका सारखी बोटं तपासत. मोठ्या मुलांना थॉमस स्प्लिंट. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातला. त्याचा बाप हाडं बसवायचा, मुलगा डॉक्टर झाला, आणि त्याच्या साध्या लोखंडी कड्याने पहिल्या महायुद्धात मांडी फुटलेल्या असंख्य सैनिकांचे जीव वाचवले. हाडवैद्याच्या हातातलं कसब खोटं नसतं, हे मी मनापासून मानतो. पण मुलाच्या सुजत्या पायाभोवती घट्ट पट्टी आवळली की रक्त थांबतं, आणि मग हाड जुळतं पण पाय जातो. मांडी मोडली असेल तर आधी रुग्णालय, यात तडजोड नाही.

मुंबईत मुलांच्या हाडांसाठी स्वतंत्र विचार व्हायला पोलिओ कारणीभूत ठरला. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी 1947 मध्ये अशा मुलांसाठी काम सुरू केलं. त्याच कामातून पुढे हाजीअलीला मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं.

आता लहान मुलांच्या मांडीच्या प्लास्टरबद्दल, म्हणजे स्पायकाबद्दल. छातीच्या खालपासून पायाच्या बोटांपर्यंतचं हे प्लास्टर. बेशुद्ध मुलाला एका छोट्या बैठकीवर, पाठ आणि माकडहाड टेकवून, जवळजवळ अधांतरी ठेवतात. पोटावर घडी केलेला टॉवेल ठेवून वरून प्लास्टर गुंडाळतात आणि शेवटी तो टॉवेल ओढून काढतात. तेवढी पोकळी राहिली की जेवल्यावर पोट फुगायला जागा मिळते. दोन पायांमध्ये आडवा दांडा असतो. त्याला धरून मूल उचलायचं नसतं, आणि नेमकं तेच सगळे करतात.

मग चार ते आठ आठवडे हे मूल घरी. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, संडास सामायिक. पाय फाकवलेलं मूल दारातून सरळ जात नाही, तिरकं करावं लागतं. शू-शीच्या भोकात छोटा डायपर आत खोचायचा आणि वर मोठा बांधायचा. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. कडांखालची कातडी टॉर्चने पाहायची. खाज सुटली म्हणून आत पट्टी किंवा सुई घालायची नाही, पावडर ओतायची नाही. पायाचं नख दाबायचं. ते पांढरं पडून दोन सेकंदांत गुलाबी झालं तर ठीक. बोटं निळी, गार किंवा बधिर वाटली, किंवा मूल औषध देऊनही कळवळत राहिलं तर रात्र असो वा पहाट, रुग्णालय गाठायचं.

हे सगळं बहुतेक घरी एकट्या आईवर पडतं, आणि तिला ते शिकवायला प्लास्टर रूमबाहेरची पाच मिनिटं मिळतात. मला हे अन्यायाचं वाटतं. घरात कोण कोण आहे, आई कामावर जाते का, कितव्या माळ्यावर राहता, लिफ्ट आहे का, हे प्रश्न एक्स-रेइतकेच उपचाराचे आहेत. पाच वर्षांच्या दणकट मुलाला प्लास्टर की सळ्या, असं दोन्हीकडे झुकणारं वय असेल तेव्हा घराची उत्तरं पारडं फिरवू शकतात, आणि फिरवावीत.

सळ्यांची पद्धत फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातली. तिथल्या डॉक्टरांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून ती रुजवली. गुडघ्याच्या वर, हाड जिथून वाढतं ती चकती सोडून, दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं पाडतात. प्रत्येक छिद्रातून एक लवचीक, धनुष्यासारखी वाकवलेली सळी मोडलेल्या जागेपलीकडे सरकवतात. आत दोन्ही सळ्या एकमेकींना छेदतात, आतून भिंतींवर रेटतात आणि हाड ताठ धरतात. प्रत्येक सळीची जाडी पोकळीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. मूल काही दिवसांत कुबड्यांवर उभं राहतं, शाळा फार बुडत नाही, वजनं लावून महिनाभर अडणारी खाटही मोकळी होते. मुलाचं वजन पन्नास किलोच्या पुढे गेलं तर मात्र या सळ्या कमी पडतात. मग स्नायूखालून प्लेट, किंवा बारा-तेरा वर्षांच्या मुलात मोठ्यांसारखा जाड नेल. तो हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यातून घालतात, कारण आतल्या खळगीजवळून खुब्याच्या गोळ्याला रक्त जातं आणि तिथे इजा झाली तर गोळाच मरतो.

चालायला न लागलेल्या बाळाची मांडी मोडली तर डॉक्टर खोदून खोदून विचारतात. घरच्यांना ते लागतं. पण मुडदूस, जन्मजात ठिसूळ हाडं आणि मारहाण या तिन्ही शक्यता तपासल्याशिवाय बाळाला घरी पाठवणं हा त्याच्यावरच अन्याय आहे.

आणि दहीहंडीत पडून हाडं मोडणारी मुलं. गिरगाव, दादर, लालबागच्या थरांवर सगळ्यात वर चढणारा एक्का सगळ्यात हलका, म्हणजे सगळ्यात लहान. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना आणि 20 फुटांवरच्या थरांना मनाई केली. 2017 मध्ये उंचीची मर्यादा राहिली नाही, 14 वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही एवढी हमी राज्याने दिली. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाडातली वाढीची चकतीही बहुधा अजून मिटलेली नसते. मला 18 ची मर्यादाच योग्य वाटते.

प्लास्टर निघाल्यावर मूल काही आठवडे लंगडतं, ते आपोआप जातं. सळ्या बहुधा सहा महिने ते वर्षभराने काढतात. त्यानंतरही, हाड मोडल्यापासून दोन वर्षं तरी, अधूनमधून दाखवायला न्यावं. जादा वाढ याच काळात होते, आणि दोन्ही पायांची लांबी मोजायला डॉक्टरांना टेपची दोन मिनिटं लागतात.