अर्ध्या किलोचा धोटा

भिवंडीच्या कामतघरात वऱ्हाळा तलावाकडून आतल्या गल्लीत वळलं की यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो. शेडमध्ये बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने माग थांबवून धोटा माझ्या हातात दिला. होडीच्या आकाराचं लाकूड, दोन्ही टोकांना पोलाद, पोटात सुताची कांडी. हाताला कोमट लागला. वजन अर्ध्या किलोच्या आसपास.

44 इंची साधा माग मिनिटाला 150च्या आसपास पिक मारतो, म्हणजे तितक्या वेळा आडवा धागा टाकतो; एका पिकाला 0.4 सेकंद. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा धोट्याच्या वाट्याला येतो. तेवढ्यात ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांमधून, पलीकडच्या पेटीत पोचायचं, तर वेग ताशी 35-40 किलोमीटर लागतो. पोचला की थांबायचं, आणि उलट फटका. मागे काय सोडलं? 30 नंबरच्या सुताचा एक-सव्वा मीटर धागा. तो भरतो 20-25 मिलिग्रॅम. बरीचशी झीज आणि आवाज धोट्याच्या वजनाचा आहे, धाग्याचा नव्हे.

मोटरवर मोठी पुली चढवली की मागाचे फेरे वाढतात. पण वेग दुप्पट केला तर प्रत्येक फटक्याला चौपट ऊर्जा लागते आणि फटकेही दुप्पट होतात; धोटा पळवायलाच आठपट शक्ती. धोट्याला फटका देणारे पिकर फाटतात, ते हलवणाऱ्या स्टिक मोडतात. धोटा मधेच अडकला तर ताण्याचे धागे तुटतात, आणि उडाला तर माणसाला लागतो. मागांमधली वाट अरुंद, कारागीर पाळीभर तिथेच. म्हणून पुली बदलताना मालकाने आधी कारागिराचा विचार करावा, असं मला ठामपणे वाटतं. पन्हा मोठा असेल तर धोट्याची वाट लांबते, माग आणखी सावकाश चालवावा लागतो.

धोटा दोरी ओढून पळवण्याची युक्ती जॉन के यांनी 1733 मध्ये काढली. सुल्झर कंपनीच्या मागात त्या जागी सुमारे 40 ग्रॅमची पोलादी पट्टी आली. एअरजेट मागात तर निव्वळ हवा धागा नेते, म्हणून तो माग मिनिटाला 600 पिकांच्या पुढे सहज जातो. मात्र त्याला कॉम्प्रेसर, अखंड वीज, एकसारखं सूत आणि मोठं भांडवल लागतं.

इथे कामतघरात मजुरी मीटरवर असते; धोट्याचं वजन मागाचा वेग रोखतं, त्यामुळे ते थेट कारागिराच्या पगारात उतरतं. जास्त कापड काढायचं तर माग कमी वेळ बंद ठेवणं एवढंच त्याच्या हातात: भरलेली कांडी तयार ठेवायची, तुटलेला धागा दिसताच सांधायचा.